भिंतीला कंबर नसते

अहिरराव बाईंनी साडीवरूनच कमरेशी बोट टेकवलं :
इथे. रोज इथेच लागतो.
काचबिंदूनं दोन्ही कडांचं जग खाल्लंय त्यांचं,
समोरचं तेवढं उरलंय, नळकांड्यातून पाहावं तसं,
आणि ओट्याचा कोपरा नेमका बाजूनंच येतो.
ग्रॅनाइट काढा, म्हणाल्या, लाकूड लावा.
लाकूड लागलं तर निदान ओळखीचं लागेल.

भद्रकालीच्या वखारीतून डांगी साग आणला,
पावणेदोन इंची. फळ्या जोडल्या,
दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवल्या.
आता कोपरा.

तीस वर्षं मी कोपरे नजरेनं गोल केले.
आधी पटाशी, मग कानस, मग पॉलिश पेपर,
शेवटी डोळे मिटून अंगठा.
पण गेल्या दिवाळीपासून उजवा हात
मला न विचारता हलतो.
नाशकात डिसेंबर लागला, निफाडचा गारठा
सातपूरपर्यंत आला, की जास्तच.
चहाची बशी वाजते.
बायको रेडिओ मोठा करते.

राउटर भाच्याचा. हेमराज म्हणाला,
मामा, साचा करू. साचा थरथरत नाही.
फेविकॉलच्या डब्याचं बूड एमडीएफवर ठेवून
त्यानं पेन्सिल फिरवली, जिगसॉनं कापलं,
पुढची घासाई मी मागून घेतली.
वीतभरही नसलेल्या त्या वळणावर
अख्खी संध्याकाळ घातली,
कारण साच्याइतकं इमानी काही नाही :
त्यात केसाएवढी खोट राहिली
तर लाकूड ती जशीच्या तशी उचलतं,
थोरांचं बघून शिकणाऱ्या पोरासारखं.

दोन्हीकडून चिकटणारी टेप. साचा वर, साग खाली.
कोपरा आधी उडवून घेतला, सूतभर राखून.
डावीकडून उजवीकडे, हेमराज ओरडत होता,
जसं काही मी दिशा विसरलोय.
रेषे आडवे होतात तिथे ढलपी उडायला टपलेली असते,
तिथे जरा दमानं.
बेअरिंग साच्याला टेकलं.
हात हलत होता
आणि लाकडाला ते कळत नव्हतं.
सगळं हलणं बाहेरच्या बाजूला,
हवेत सांडत होतं.

राउटर वळणावर थांबवायचा नसतो.
थांबला की पातं एकाच जागी फिरतं, साग भाजतो.
मी थांबलो.
क्षणभरच.
हाताकडे पाहायला.

काळा डाग नखाएवढा. घासून काढला,
पण डागाबरोबर गोलाईतलं थोडं गेलं,
डोळ्याला न दिसणारी
एक सपाट जागा राहिली.

इंदिरानगरला ओटा बसवताना हेमराजनं विचारलं,
मागचे दोन कोपरे टोकदारच ठेवायचे?
म्हटलं, ठेव. भिंतीला काही कंबर नसते.

बाई आल्या. आधी उलटा हात, मग तळवा,
मग चार बोटं कोपऱ्यावरून सावकाश,
तांदूळ निवडताना फिरतात तशी.
आणि बोटं अडली.
इथे थांबला होतात का?

मी पेपर शोधायला पिशवीत हात घातला.
पाच मिनिटांत सारखं करून देतो, म्हटलं.
नको, म्हणाल्या. याच्यापलीकडे गॅस आहे ना?
मग राहू द्या. हे हाताला लागलं
की मला कळेल, आलं.

चहा दिला. बशी वाजली.
बाजूचं दिसत नाही त्यांना, ऐकू येतं.
काही बोलल्या नाहीत. रेडिओही लावला नाही.

पंधरा दिवसांनी बिजागरी बसवायला गेलो,
तेव्हा चहा स्टीलच्या पेल्यात होता,
अर्धाच भरलेला,
आणि ओट्यावर, त्या सपाट जागेच्या बरोबर अलीकडे,
ठेवलेला.